रोमचे ऊन आणि आपले प्रवासवर्णन

मराठी प्रवासवर्णनातला युरोप बहुधा थंड असतो. अनंत काणेकरांच्या १९४० सालच्या पुस्तकाच्या नावातच धुके आहे, 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे'. त्यानंतरच्या किती तरी पुस्तकांत धुके, रिमझिम, लोकरीचा कोट आणि वाफाळलेला चहा हा सरंजाम न चुकता येत राहिला. समुद्र ओलांडला की उकाडा मागे राहतो, अशी एक समजूत त्यातून आपल्या वाचकाच्या मनात रुजली. इटली ही समजूत मोडून टाकते. जुलै २०२३ मध्ये रोम शहरात पारा चाळीस अंशांच्या वर गेला. त्याआधी, ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिसिली बेटावर सिराक्यूज शहराजवळ ४८.८ अंश तापमान नोंदले गेले आणि पुढे जागतिक हवामान संघटनेने युरोपखंडातला तो उच्चांक म्हणून मान्य केला. वैशाखात चाळिशी ओलांडणाऱ्या बार्शीसारख्या गावातल्या वाचकाने हे आकडे वाचले, तर त्याला इटली एकाएकी ओळखीची वाटू लागेल.

प्रस्तुत लेखाचा विषय इटलीचे हवामान नव्हे. इटलीला जाऊन आलेली आपली माणसे जे लिहितात, त्या लेखनाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. धर्मग्रामांच्या स्मरणिकांतून, वार्षिकांतून आणि आपल्या नियतकालिकांतून 'इटलीदर्शन' अशा धर्तीचे लेख गेली काही वर्षे सातत्याने येत आहेत. २०२५ च्या पवित्र वर्षाने त्यांत भर घातली. महाराष्ट्रातून जाणारी मंडळी शाळांच्या सुट्टीमुळे बहुधा एप्रिल-मे महिन्यांत निघतात. परदेशी स्थायिक झालेली आपली कुटुंबे मुलांच्या शाळा बंद असतात म्हणून जुलै-ऑगस्टात, म्हणजे ऐन भट्टीत, तेथे पोहोचतात. आठ-दहा दिवसांत रोम, असिसी, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस आणि मिलान पाहून ती परततात आणि त्यांच्यापैकी कोणी तरी लेख लिहितो. त्या लेखनामागची श्रद्धा खरी असते, कष्टही खरे असतात. तरीही वाचून संपल्यावर हाती काय लागते, हा प्रश्न उरतो. तो विचारणे म्हणजे कोणाच्या भक्तीवर शंका घेणे नव्हे, एवढे प्रथम नमूद केले पाहिजे.

मराठीला इटलीची पहिली ठळक ओळख झाली ती प्रवाशांकडून झाली नाही. मॅझिनीचे चरित्र आणि राजकारण मराठीत आणणारे सावरकरांचे पुस्तक १९०७ साली निघाले आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. त्या पिढीच्या लेखी इटली म्हणजे मॅझिनी आणि गॅरिबाल्डी. प्रेक्षणीय इटली मराठीत सविस्तर आली ती पुष्कळ नंतर. डॉ. मीना प्रभू यांचे दोन भागांतले 'रोमराज्य' हे त्या वाटेवरचे मोठे काम होय. एका देशासाठी दोन ग्रंथ खर्ची घालण्याची ऐसपैस वृत्ती त्यात आहे. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मराठी प्रवासवर्णनाचे एक पर्व संपले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. स्मरणिकेतल्या चार पानांच्या लेखाकडून एवढ्या विस्ताराची अपेक्षा कोणी करणार नाही. पण चार पानांतही काय घ्यावे आणि काय सोडावे, हे लेखकालाच ठरवावे लागते. आपले लेख नेमके तेथेच अडखळतात.

पहिला दोष यादीचा. संत पेत्राच्या महामंदिरासमोरच्या चौकात बर्निनीने उभारलेले २८४ स्तंभ, त्यांच्यावरचे १४० संतांचे पुतळे, फ्लॉरेन्सच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या, हे आकडे लेखातून लेखात प्रवास करतात. ते खरेच आहेत. परंतु मार्गदर्शकाच्या तोंडून ऐकलेला आकडा जसाच्या तसा उतरवला की तो वाचकाला कोठेच नेत नाही. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात तो घुमट बांधला आणि त्याच्या दोन कवचांच्या मधून तो जिना वर जातो. त्या अरुंद बोळातून, पुढच्या माणसाची टाच पाहत, घामाघूम होऊन वर गेलेल्या लेखकाने त्या जिन्याविषयी दोन वाक्ये लिहिली असती, तर ४६३ या आकड्याला वजन आले असते.

पिसाच्या मनोऱ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. हाताने मनोरा सावरून धरल्याचे छायाचित्र काढले नाही, असा आपला प्रवासी विरळा. लेखातही मनोरा येतो तो जगातले एक आश्चर्य म्हणून. किती कलला, का कलला, १९९० पासून २००१ पर्यंत दुरुस्तीसाठी कसा बंद होता, एवढे सांगितले जाते. पण ११७३ साली काम सुरू झालेला हा मनोरा म्हणजे शेजारच्या कॅथीड्रलचा घंटामनोरा आहे, हे क्वचितच सांगितले जाते. वास्तविक महाराष्ट्रातल्या वाचकाला घंटेविषयी केवढे तरी सांगण्यासारखे आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि निरनिराळ्या देवळांत टांगल्या. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही दिसतात. कललेल्या मनोऱ्यापाशी उभ्या असलेल्या एखाद्या मराठी ख्रिस्ती लेखकाला ही गोष्ट आठवावी आणि त्याने ती लिहावी, अशी अपेक्षा करणे जास्त आहे काय?

दुसरा दोष उन्हाचा आहे, आणि या लेखाचे प्रयोजन मुख्यतः तोच आहे. आपल्या लेखांत ऊन येते ते तक्रार म्हणून. 'उकाड्याने जीव हैराण झाला' अशा एका वाक्यात त्याची बोळवण होते आणि लेखक पुढच्या स्थळाकडे वळतो. जणू ऊन म्हणजे दर्शनात आलेला व्यत्यय. वास्तविक उन्हाळ्यातली इटली उन्हाशी जुळवून घेऊनच जगते आणि हे जुळवून घेणे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला समजणार? रोमच्या रस्त्यांवर बिडाच्या ठेंगण्या खांबांतून पाणी अखंड वाहत असते. खालच्या बाजूला वाकलेल्या तोटीमुळे रोमकर त्यांना 'नासोने', म्हणजे मोठे नाक, असे गमतीने म्हणतात. १८७४ पासून बसवत आलेल्या या पाणपोयांची संख्या आज सुमारे अडीच हजार आहे. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या लहानशा भोकातून पाण्याची धार उसळते आणि ओंजळ न करताही पिता येते. २०१७ च्या उन्हाळ्यात दुष्काळ पडला, तेव्हा नगरपालिकेने यांपैकी पुष्कळ बंद करावयास घेतल्या. त्याच जुलैमध्ये व्हॅटिकननेही आपल्या हद्दीतली कारंजी बंद ठेवली. टँकरची वाट पाहिलेल्या सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाला ही बातमी सिस्टाइन चॅपेलच्या वर्णनापेक्षा अधिक जवळची वाटली, तर त्यात नवल नाही.

दुपारची गोष्टही तशीच. मोठी महामंदिरे दिवसभर उघडी असतात, पण इटलीतली पुष्कळशी लहान चर्च बारा-साडेबाराला दारे लावून घेतात आणि तीन-चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. आपल्या लेखांत हे 'दुर्दैवाने चर्च बंद होते' असे येते. दुर्दैव कसले? तो त्या देशाचा शहाणपणा आहे. वामकुक्षी हा शब्द ज्यांच्या भाषेत आहे, त्यांनी तरी त्याला दुर्दैव म्हणू नये. १५ ऑगस्टच्या सुमारास शहरे ओस पडतात, दुकानांना कुलपे लागतात आणि माणसे समुद्राकडे किंवा डोंगराकडे जातात. या सुट्टीचे 'फेर्रागोस्तो' हे नाव ऑगस्टस बादशहाच्या काळातल्या विश्रांतीच्या दिवसांवरून आले. पुढे पवित्र मरियेला देहासहित स्वर्गात घेतल्याचा सण त्याच दिवशी पडत असल्याने दोन्ही एकरूप झाले. आपल्याकडे त्याच दिवशी सकाळी मिस्सा होते आणि झेंडावंदनही होते. एका तारखेने जोडलेले हे तीन धागे एखाद्या प्रवाशाने हाती घेतले, तर केवढा चांगला लेख होईल.

रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या महामंदिराची कथा तर उन्हाळ्यावाचून समजणारच नाही. चौथ्या शतकात, ऑगस्टच्या ऐन उकाड्यात, एस्क्विलिन टेकडीवर एका रात्री हिम पडले आणि त्या खुणेवर मरियामातेचे मंदिर उभारले गेले, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ दर वर्षी ५ ऑगस्टला महामंदिराच्या छतातून पांढऱ्या पाकळ्यांचा वर्षाव केला जातो. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांना याच ठिकाणी साध्या थडग्यात विसावा मिळाला, तेव्हापासून आपली यात्रेकरू मंडळी तेथे आवर्जून जातात. लेखांत थडगे येते, हिम येत नाही. वास्तविक ज्याने अंगाची लाही करणारे ऊन सोसले आहे, त्यालाच त्या हिमाचा अर्थ कळावा. ती आख्यायिका रचणाऱ्या भाविकांनी कृपा कशाला म्हणावे, हे आपल्या कातडीवरून ठरवले होते.

दगडी चर्चमधल्या गारव्याचेही तसेच. उन्हातून आत पाऊल टाकताच डोळ्यांपुढे अंधारी येते, मग हळूहळू खांब दिसू लागतात, अंग निवते. हा अनुभव सोलापूर-मराठवाड्यातल्या माणसाला नवा नाही. हात-दोन हात जाडीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद असलेल्या जुन्या घरात भर दुपारी शिरल्यावर हेच होते. माळवद हा शब्द रोमच्या वर्णनात आला, तर लेखाला बाध येईल असे आपल्या लेखकांना का वाटावे, हे कळत नाही.

येथूनच तिसऱ्या दोषाकडे, म्हणजे शब्दांच्या दारिद्र्याकडे येता येते. 'बॅसिलिका', 'डोम', 'फ्रेस्को', 'मोझेक' हे शब्द लेखांत नुसतेच पेरलेले असतात. ते वापरू नयेत असे नाही. पण फ्रेस्को म्हणजे काय, हे सांगावयास कितीसे शब्द लागतात? ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर, तो वाळण्याच्या आत रंग लावायचा. गिलावा वाळताना रंग भिंतीचाच होऊन जातो. म्हणून एका दिवसात जेवढे रंगवून होईल, तेवढाच गिलावा रोज करायचा. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात सिस्टाइन चॅपेलचे छत या रीतीने रंगवले. मिलानमध्ये लिओनार्दोने शेवटच्या भोजनाचे चित्र मात्र कोरड्या भिंतीवर काढले आणि त्याच्या हयातीतच त्याचे पापुद्रे सुटू लागले. ते चित्र मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे. म्हणजे ज्या ठिकाणी साधू मुकाट्याने जेवत बसत, त्यांच्यासमोर ते भोजन मांडलेले होते. १९४३ च्या ऑगस्टमध्ये बाँबहल्ल्यात भोजनगृहाची एक भिंत कोसळली, पण वाळूच्या पोत्यांनी झाकलेली ही भिंत वाचली. आज प्रेक्षकाला तेथे पंधरा मिनिटे मिळतात. ही पंधरा मिनिटे कमी पडली, असे लेखक लिहितात. त्या पंधरा मिनिटांत त्यांनी काय पाहिले, हे लिहावयाचे राहून जाते.

फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण येथे अटळ आहे. १५७५ साली रोममध्ये ते येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ साली गोव्यास पोहोचले. १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. रोम पाहिलेला हा माणूस, रोम कधीही न पाहणाऱ्या श्रोत्यांसाठी लिहीत होता. त्याने ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला, श्रोत्यांच्या ओळखीची फुले-फळे आणि नाती घेतली आणि परकी कथा त्यांच्या ओटीवर आणून ठेवली. चारशे वर्षांनंतर आपण उलट दिशेने जातो आणि जाताना तेच शब्द विमानतळावर ठेवून देतो.

रोमहून इकडे आलेला आणखी एक प्रवासी विचारात घेण्याजोगा आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा उमराव १६२३-२४ साली गोवा आणि कर्नाटकाच्या बाजूला फिरला आणि नेपल्समधल्या मित्राला त्याने सविस्तर पत्रे लिहिली. घाटावरच्या एका देवळाच्या ओसरीत काही मुले जमिनीवर बारीक वाळू पसरून, तिच्यावर बोटाने आकडे काढीत आणि ते गाऊन पाठ करीत बसलेली त्याने पाहिली. त्याने थांबून चौकशी केली आणि ते सारे लिहून ठेवले. धुळाक्षरांची ही आपली रीत अशी एका इटालियन माणसाच्या पत्रात टिकून राहिली. राजे आणि राजवाडे त्यानेही पाहिले होते. पण वाचकाच्या मनात आज राहतात ती ती मुले. आपल्या इटलीदर्शनात रोमची मुले कोठे आहेत? चर्चच्या पायरीवर बसलेली म्हातारी, दुपारी दार लावणारा सेवेकरी, मिस्सेला आलेली आठ-दहा स्थानिक माणसे कोठे आहेत? तिकिटाच्या रांगेतला प्रत्येक जण आपल्यासारखाच पाहुणा असतो. यजमान पाहावयाचा तर रांगेबाहेर डोकावावे लागते.

हे सर्व लेखनकौशल्याचे प्रश्न आहेत, असे कोणी म्हणेल. पण त्यांच्या तळाशी एक मोठा प्रश्न आहे. आपण इटलीला सहलीस जातो की यात्रेस? दोन्हींत गैर काही नाही, पण घोटाळा दोन्हींच्या मिश्रणात होतो. रोमचे पँथिऑन ६०९ सालापासून मरियामातेला आणि हुतात्म्यांना वाहिलेले चर्च आहे. जुलै २०२३ पासून तेथे प्रेक्षकांना तिकीट आहे आणि उपासनेसाठी येणाऱ्यांना नाही. आपण कोणत्या दाराने आत जाणार, हे तेथे आपल्यालाच ठरवावे लागते. आपले लेख प्रेक्षकाच्या दाराने आत शिरतात आणि शेवटच्या परिच्छेदात उपासकाच्या दाराने बाहेर येऊ पाहतात. 'मन भरून आले' हे वाक्य म्हणूनच पोकळ वाजते. मन भरण्यासारखे काय घडले, ते आधीच्या तीन पानांत नसते.

यात्रा म्हणजे काय, हे बार्शीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पंढरपूर हाकेच्या अंतरावर आहे. भगवंताच्या देवळामुळे गावाला स्वतःचेही यात्रेकरू आहेत. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे १९०६ साली पंढरपुरापर्यंत गेली आणि अडीच फुटांच्या त्या रुळांवरून वारकऱ्यांच्या पिढ्या विठ्ठलाच्या भेटीस गेल्या. वारीत वाट हीच अर्धी उपासना असते. रोमलाही हे ठाऊक आहे. सोळाव्या शतकात संत फिलीप नेरी यांनी सात महामंदिरांच्या पदयात्रेला नवे चैतन्य दिले. त्या वाटेवर माणसे गात, प्रार्थना करीत आणि मध्ये थांबून एकत्र जेवत. वातानुकूलित बसमधून सात स्थळे पाहणाऱ्याने निदान एक वाट पायी चालून पाहिली, तर त्याच्या लेखाची भाषा बदलेल.

असिसीचा विचार करू. २६ सप्टेंबर १९९७ रोजी भूकंपाने संत फ्रान्सिसच्या महामंदिराच्या छताचा भाग कोसळला आणि खाली उभे असलेले चौघे ठार झाले. त्यांत दोन संन्यासी होते. चित्रांचे हजारो तुकडे ढिगाऱ्यातून वेचून जुळवण्यात आले आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये महामंदिर पुन्हा उघडले. आपल्या लेखांत असिसी म्हणजे शांती, पक्षी आणि गरिबीचे व्रत. पण त्याच्या चारच वर्षे आधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला होता आणि सोलापूर जिल्ह्यातही त्याचे धक्के जाणवले होते. ज्या जाड दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे दुपारी गारवा देत, तीच झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. या भागातला माणूस असिसीच्या त्या छताखाली उभा राहिला, तर त्याला काय वाटावे? तुकडे जुळवून चित्र उभे करता येते, माणसे तशी उभी करता येत नाहीत, हे त्याच्याइतके कोणाला कळेल? असा लेख अद्याप लिहिला गेलेला दिसत नाही. तो लिहिण्याचा अधिकार मात्र आपल्याकडे आहे.

अशा लेखनाचे नमुने आपल्याकडे नाहीत असे नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' लिहिताना पवित्र भूमीतल्या आजच्या माणसांच्या वेदनेकडे पाठ फिरवली नाही. पुस्तकाच्या नावातच संघर्ष आणि यात्रा शेजारी शेजारी आहेत. २०२० च्या जानेवारीत शेजारच्या उस्मानाबादेस झालेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याआधी १९८० साली बार्शीस भरलेल्या संमेलनाचे अध्यक्ष गं. बा. सरदार होते. त्यांच्या गाजलेल्या ग्रंथाच्या नावात संतवाङ्मयाच्या 'सामाजिक फलश्रुती'चा प्रश्न आहे. प्रवासवर्णनालाही तो विचारता येतो. धर्मग्रामातले एक कुटुंब आयुष्यभराची पुंजी खर्चून इटलीला जाते. शेजारची दहा कुटुंबे कधीही जाणार नाहीत. त्या दहा घरांसाठी लेखाची फलश्रुती काय?

विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले ते द्रव्य मिळवण्यासाठी. लूटमारीत त्यांचे पुष्कळ गेले, पण गंगेची कावड मात्र त्यांनी घरी आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. 'माझा प्रवास' आजही वाचला जातो, कारण त्या माणसाने ऊन, भूक, भीती काही लपवले नाही आणि घरी वाट पाहणाऱ्यांना तो विसरला नाही. प्रवासवर्णन ही अशी कावड आहे. ती खांद्यावर घेणाऱ्याने वाटेत किती देवळे लागली, याची मोजदाद कमी केली तरी चालेल.

तेव्हा येत्या उन्हाळ्यात जे कोणी निघणार असतील, त्यांच्याकडे एक मागणे आहे. सहा शहरांवर एक लेख लिहू नका. एका दुपारी एका चर्चमध्ये बसा. बाहेर पाणी कोठे मिळाले, आत गारवा कसा होता, दिवा कोणी लावला, कोण गुडघे टेकून बसले होते आणि तुम्हाला त्या क्षणी घरचे कोण आठवले, एवढे लिहा. जी माणसे येथेच उन्हात राहिली आहेत, ती तो लेख दोनदा वाचतील.